मदत हवी आहे: जो रणगाडा कधी पुरा झालाच नाही त्याचा रंग कसा ठरवायचा? (ई-१००, १:३५)

मंडळी,

तीन महिने ई-१०० या जर्मन रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल (खऱ्याच्या एक पस्तीसांश) घेऊन बसलोय. जोडकाम बऱ्यापैकी उरकलं, रंगावर गाडी अडलीय, आणि मध्येच एक घोळ करून ठेवलाय तो वेगळाच. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मनांचं ‘ई’ मालिकेचं घाटत होतं. वजनं वेगवेगळी, पण सुटे भाग शक्य तितके एकसारखे, अशी कल्पना. ई-१०० हा त्यातला सगळ्यात थोराड, अंदाजे १४० टनांचा. काम आडलर कंपनीकडे होतं. १९४४ मध्ये हिटलरने असले अतिजड प्रकार थांबवायला सांगितले, तरी पाडरबोर्नजवळ हाउस्टेनबेकला एका हलची (रणगाड्याच्या खालच्या धडाची) जुळणी रखडत रखडत चालूच राहिली. युद्ध संपल्यावर तो अर्धवट हल ब्रिटिशांनी इंग्लंडला नेला आणि पुढे तो भंगारात गेला. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, त्याच्यावर कधी चढलंच नाही. म्हणजे खोक्यावर जे चित्र आहे ते जगात कुणीही कधी पाहिलेलं नाही. माऊस हा दुसरा अतिजड जर्मन रणगाडा निदान रशियात कुबिंकाच्या संग्रहालयात उभा आहे. इथे आधाराला हलचे काही कृष्णधवल फोटो, बस्स.

तर पहिला प्रश्न रंगाचा. किटसोबतचा कागद म्हणतो, पिवळ्यावर हिरवे-तपकिरी पट्टे आणि त्यावर ठिपके. ठिपके दिसतात झकास, नाही म्हणत नाही. पण ती १९४४ च्या ऑगस्टमध्ये निघालेली आणि लवकरच मागे पडलेली टूम. माझी कल्पना अशी की युद्ध लांबलं असतं तर हा १९४५ च्या उन्हाळ्यात बाहेर पडला असता. मग ठिपके कसे चालतील?

दुसरा, बाजूच्या चिलखती स्कर्टचा, म्हणजे ट्रॅक झाकणाऱ्या पत्र्यांचा. केवढं मैदान आहे ते! खरा रणगाडा साडेचार मीटर रुंद, म्हणजे १:३५ मध्येही जवळपास १३ सेंमी. हातात घेतला की विटेसारखा वाटतो. नुसता रंग मारला तर चाकं लावलेला डबा दिसतो, आणि फार रंगकाम केलं तर खेळणं. मधला रस्ता कुठला?

आता घोळ. पहिला पिवळा थर ॲक्रिलिकचा दिला. तो मॅट. त्यावर ग्लॉस वार्निश न देता थेट इनॅमल वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून देतात तो पातळ गडद रंग) फासला. उत्साह, दुसरं काय. वॉश खाचांत बसायच्या ऐवजी पसरला आणि वाळल्यावर प्रत्येक बोल्टभोवती चहाच्या कपाचा उठतो तसा डाग उठला. ते पुसायला थिनर घेतलं, जरा सढळ हातानेच. चाकांचे आर्म जिथे हलला चिकटतात तिथे ते साचलं. सकाळी एक चाक टेबलावर पडलेलं. बोट लावलं तर बिस्किटासारखा आवाज होऊन दुसरा आर्मही गेला. एका बाजूचे एकूण तीन गेले. वॉशला आता तीन आठवडे झाले आहेत.

काय करू? सगळं धुऊन पहिल्यापासून सुरू करू का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

नव्हताच तर गुलाबी द्या की! कोण तक्रार करायला येणार आहे?

धागाकर्ता

हेच घरीही ऐकतो. पण माझं म्हणणं असं की थाप मारायचीच तर तपशील जुळले पाहिजेत. पँथरसारख्या खऱ्या रणगाड्याच्या मॉडेलमध्ये चूक झाली तर फोटो दाखवून कुणीतरी सुधारतो. इथे सुधारायला कुणी नाही, म्हणून तर जास्त सांभाळायचं.

प्रतिसाद

पटलं. आधी घोळाचं बोलू, कारण तो वाढत जातो.

धुऊ नका. ताण असलेल्या पॉलिस्टायरीनला (किटच्या प्लास्टिकला) थिनर लागलं की बारीक तडे जातात, आणि ते सगळे लगेच दिसत नाहीत. आता पुन्हा द्रावणात बुडवलंत तर उरलेले आर्मही हातात येतील. मोडलेल्यांना पितळी तारेची पिन घाला. पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या मुठीत) ०.५ मिमीचा ड्रिल धरून दोन्ही तुकड्यांत हाताने भोक पाडा, तार आणि सुपरग्लू. सुपरग्लू वाळायच्या आत हल सपाट काचेवर ठेवा आणि सगळी चाकं टेकतात का ते डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. एक चाक अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी इतका जड रणगाडा तरंगताना दिसतो, मग बाकी कितीही रंगवा.

डाग त्याच दिवशी असते तर स्वच्छ व्हाइट स्पिरिटचा ओला ब्रश फिरवून निघाले असते. तीन आठवड्यांनी विसरा. रंगसंगती बदलणारच आहात, ते खाली झाकले जातील. मात्र नव्या रंगानंतर ग्लॉस, तो पुरता वाळू द्या, मग वॉश, मग मॅट. हा क्रम भिंतीवर लिहून ठेवा (मी ठेवलाय, कारण मीही हेच केलं होतं).

प्रतिसाद

रंगाबद्दल. तुमचा हिशेब बरोबर आहे, जरा पुढे न्या. १९४३ च्या फेब्रुवारीपासून कारखान्यातून पिवळा, म्हणजे डुंकेलगेल्ब, यायचा. हिरव्या-तपकिरीची पेस्ट डब्यातून मिळायची, ती पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून पथकंच फासायची. म्हणून त्या काळातल्या कडा धूसर आणि हात प्रत्येकाचा वेगळा. १९४४ च्या ऑगस्टपासून ते काम कारखान्यावर आलं. शरद ऋतूत काटकसर सुरू झाली: लाल प्रायमर तसाच ठेवायचा आणि त्यावर इतर रंगांचे पट्टे, तेही हात राखून. वर्ष संपता संपता मूळ रंगच हिरवा ठरला. तेव्हा १९४५ चा ई-१०० पिवळ्या पायावर नकोच. हिरवा पाया, त्यावर स्पष्ट कडांचे पिवळे आणि तपकिरी पट्टे, कुठे कुठे उघडा प्रायमर.

झिमेरिटही (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप) नको, ते १९४४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं. हॅचच्या आतल्या बाजूला हस्तिदंती रंग देण्याचा मोह टाळा, तिथेही प्रायमरच शोभेल.

एक खड्डा सांगून ठेवतो. प्रायमरलाही ‘रोटब्राउन’ म्हणतात आणि पट्ट्यांच्या तपकिरीलाही. प्रायमर आरएएल (जर्मन रंगक्रमांक) ८०१२, विटेकडे झुकणारा. पट्टे आरएएल ८०१७, चॉकलेटी. दोन्हीला एकच बाटली वापरलीत तर उघडा प्रायमर आणि पट्टा यांतला फरकच कळणार नाही.

प्रतिसाद

+१. स्पष्ट कडांसाठी चिकट पुट्टीच्या बारीक वळ्या करून पृष्ठभागावर दाबा आणि एअरब्रश अगदी काटकोनात धरा. तिरका धरलात तर रंग वळीखाली शिरतो आणि कड धूसर होते.

स्कर्टबद्दल माझं मत: पट्ट्यांनीच ते मैदान निम्मं मोडेल. उरलेल्यासाठी ऑइल रंगाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके ठेवा, पांढरा, गेरू, निळसर, जे असेल ते. मग जवळजवळ कोरड्या रुंद ब्रशने वरून खाली ओढा. खाली येईपर्यंत ठिपका दिसेनासा झाला पाहिजे. दिसला तर जास्त झालं. ऑइल आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, त्यातलं तेल पुठ्ठा पितो, नाहीतर चकाकी येते.

आणि ट्रॅकचं टेन्शन घेऊ नका. स्कर्टमागे वरचा भाग दिसतच नाही, तिथल्या कड्या जोडल्याच नाहीत तरी चालेल. दिसणाऱ्या खालच्या कड्या पट्टीवर सरळ मांडून पातळ सिमेंट (मॉडेलचा पातळ गोंद) लावा, अर्ध्या तासाने लवचिक असतानाच चाकांवर गुंडाळा.

प्रतिसाद

जीर्णपणाचं कुणीच बोललं नाही. लढाई न पाहिलेल्या रणगाड्यावर गोळ्यांचे ओरखडे आणि गंजाचे ओघळ बघितले की मला हसू येतं. हाउस्टेनबेक ज्या ‘सेने’ नावाच्या भागात आहे तिथली जमीन रेताड. चाचणीला निघालेला नवा रणगाडा म्हणजे खाली फिकट रेतीची धूळ, ट्रॅकच्या कडांना घासून उघडं पडलेलं पोलाद, आणि वर जवळपास कोरा रंग. चढायच्या जागी चार बुटांचे ठसे. एवढ्यावर थांबा.

तुमच्या जागी मी असतो तर टरेट लावलंच नसतं. प्रायमरमधला नुसता हल रेतीवर उभा केला असता. तेवढं तर खरं घडलंय.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नुसत्या हलची कल्पना दोन दिवस डोक्यात घोळत होती. पण टरेटच्या सांध्यांवर आठवडाभर घासकाम केलंय, ते खोक्यात टाकवत नाही. तर ठरलं असं: हल हिरव्या पायावर, स्पष्ट पट्ट्यांचा. टरेट दुसऱ्या कारखान्यातून आलंय असं धरून प्रायमरमध्ये, त्यावर घाईघाईने मारलेले दोनच पट्टे, आणि ते हलच्या पट्ट्यांशी जुळवायचे नाहीत. ठिपके रद्द. जुना पिवळा स्कर्टच्या आतल्या बाजूला राहू देतो, तिथे कोण बघतंय!

पहिल्या आर्मला पिन बसली, चाक काचेला टेकतंय. दुसऱ्याचं भोक निम्मं पाडलं आणि ड्रिल आतच तुटला. आता तो तुकडा कसा काढायचा?