मदत हवी आहे: जावात इस्लाम इतक्या उशिरा का रुजला?

मंडळी नमस्कार,

मे महिन्यात जावा-बाली करून आलो. बायकोने ही बातमी कट्ट्यावर फोडली, आणि आता पुढच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात मला पाऊण तास बोलायचं आहे. बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रंबाननची हिंदू देवळं, यांचे फोटो दाखवण्यात वीस मिनिटं जातील. पुढे गाडी अडलीय.

कुदुस गावातल्या जुन्या मशिदीचा मनोरा लाल विटांचा, घडण थेट देवळाची, आणि वर मोठा ढोल टांगलेला. जवळच्या टपरीवर 'सोतो' मिळतं, छोट्या वाडग्यात भात आणि वरून गरम रस्सा. मालकीणबाई म्हणाल्या, मांस म्हशीचं, गाईचं नाही. हिंदू शेजाऱ्यांचं मन दुखावू नये म्हणून सोळाव्या शतकात सुनान कुदुस या संताने गाय कापायला मनाई केली, असं तिथे सांगतात. गावात ती रीत अजून आहे. (मी शाकाहारी, चहावर भागवलं.)

आता अडचण. 'व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम गेला' हे जिथे तिथे वाचलं, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. मुसलमान व्यापारी त्याआधी कित्येक शतकं त्याच वाटेने चीनला जात होते. सुमात्राच्या उत्तरेला पासईचा सुलतान मलिक अस-सालिह, तिकडच्या सुरुवातीच्या मुसलमान राजांपैकी एक, त्याची कबर मात्र १२९७ ची. मग तोवर सगळे नुसते माल भरून परतत होते का?

त्याहून चक्रावलो ते त्रोवुलानला. ही मजापहितची, म्हणजे हिंदू-बौद्ध साम्राज्याची राजधानी. तिथल्या त्रालाया कबरस्तानात मुसलमानी कबरींवर चक्क शके आहे, आपल्या पंचांगातलं! सर्वात जुनी शके १२९८ ची, म्हणजे इसवी सन १३७६. साम्राज्य भरात असताना. हे दरबारातलेच लोक होते की बाहेरून आलेले?

दुसरं, बाली हिंदू कसं राहिलं? गाईड म्हणाला, मजापहित बुडाल्यावर पुरोहित-सरदार तिकडे पळाले. पण मजापहितने बाली १३४३ मध्ये जिंकलं, आणि हिंदू-बौद्ध राजे तिथे त्याआधीही होते. निव्वळ पळून आलेल्यांनी धर्म टिकवला, हे जरा सोयीचं वाटतं.

ख्रिस्ती धर्माचं त्या मानाने सरळ आहे: १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाय द्वीपकल्पावरचं मलाक्का बंदर घेतलं, १५४६ मध्ये धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर पूर्वेकडच्या अंबोन बेटावर पोचले. तेच, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे. हा धागा श्रोत्यांना लगेच कळेल.

जाणकारांनी पहिल्या दोन प्रश्नांवर लिहावं. मराठीत यावर काही वाचण्यासारखं असेल तर तेही सुचवा. इंग्रजी वाचतो, पण सावकाश, आणि हातात तीनच आठवडे आहेत.