मदत हवी आहे: लग्नाच्या प्रदर्शनात केकचा स्टॉल परवडतो का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरूनच केक करते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्याआधी इथे वेडिंग प्रदर्शन भरतंय. स्टॉल घ्यावा का, हे काही ठरत नाहीये. भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, टेबल-लाइटचे वेगळे, शिवाय तेवढे दिवस ऑर्डरी बंद.

माझी खरी शंका गिऱ्हाइकाबद्दल आहे. आपल्याकडे आधी हॉल, केटरर, साड्या, दागिने ठरतात. केक आठवतो तो साखरपुडा किंवा रिसेप्शन तोंडावर आल्यावर. मग प्रदर्शनात नंबर देऊन गेलेले लोक पुढे खरंच ऑर्डर देतात का, की नुसतंच चाखून जातात? ज्या ताई-दादांनी स्टॉल लावलाय त्यांनी प्लीज सांगा, खर्च निघाला का? जागेवरच ॲडव्हान्स घेतलात का?

मांडायला थर्माकोलवर फॉन्डंट (साखरेचं लाटलेलं आवरण) चढवून तीन मजली डमी करणार आहे, कारण बटरक्रीम त्या लाइटखाली टिकणार नाही. चाखायला एगलेस रसमलाई, छोट्या कपात. पण तेच पैसे हॉलचे मॅनेजर आणि डेकोरेटर यांना सॅम्पल पाठवण्यात घातले तर जास्त कामं येतील, असं राहून राहून वाटतंय. कुणी दोन्ही करून पाहिलंय का?