स्पीकरीन : शेपटीसकट परत आलेला शब्द

खडूफळा : फ्रेंचांनी इंग्रजीतला 'स्पीकर' उचलला, त्याला 'ईन' ही शेपटी लावली आणि टीव्हीवर पुढचे कार्यक्रम सांगणाऱ्या बाईला 'स्पीकरीन' केलं. नंतर इंग्रजीने आपलाच शब्द शेपटीसकट परत घेतला. आज तो वापरू नये असं माझं मत. त्यात कामापेक्षा केशरचनाच जास्त दिसते. 1964 साली नोएल नोब्लकूर या स्पीकरीनची नोकरी गेली, ती पडद्यावर गुडघे दिसले म्हणून, असं सांगतात. बातम्या वाचणाऱ्या पुरुषाचे गुडघे कुणी पाहिलेत?

जुना अँटेना : टेबलाखाली असतात हो! स्मिता पाटीलसुद्धा मुंबई दूरदर्शनवर जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्यांना बसायच्या म्हणे. पण नोकरीवरून काढणाऱ्या साहेबांवरचा राग शब्दावर कशाला? झाकलीन जूबेर 1949 पासूनची स्पीकरीन. पुढे तिनेच एका वाहिनीचा मुलांच्या कार्यक्रमांचा विभाग सांभाळला. शेपटी कुठे आडवी आली? आपण नाही का 'मास्तर'ची 'मास्तरीण' केली?

खडूफळा : तीच तर गोची. मास्तरीण म्हणजे शिकवणारी की मास्तरांची बायको? आमच्या गावात डॉक्टरीणबाईंकडे ताप दाखवायला कुणी जात नसे. त्या आपल्या लिंबाचं लोणचं द्यायच्या. (फार छान असायचं, ते सोडा.)

तिरपी मात्रा : दोघंही फ्रान्स विसरलात. तिथे आज बायकाच स्त्रीलिंगी रूपं मागताहेत. लेखिकेला 'ओत्रीस' म्हणा, पुल्लिंगी 'ओतर' नको. पदनामांच्या अशा रूपांना भाषेची राखण करणाऱ्या फ्रेंच अकादमीनेसुद्धा 2019 मध्ये मान डोलावली. स्पीकरीनच्या जागी जो 'प्रेझांतात्रीस' (निवेदिका) हा शब्द आला तोही स्त्रीलिंगीच. म्हणजे नकोशी झाली ती शेपटी नव्हे, नुसतं हसून 'आता पाहा' म्हणायचं काम.

जुना अँटेना : +1. हेच म्हणत होतो.

तिरपी मात्रा : थांबा, तुमच्या बाजूने नाही बोलले! फ्रेंचमध्ये नामाला लिंग असतंच, तिथे शेपटी खपते. इंग्रजीत नटीलाही हल्ली 'अॅक्टर' म्हणतात. तिथे स्पीकरीन लिहिलं की बाई आधी दिसते, माईक मागाहून. जुन्या फ्रेंच टीव्हीबद्दल लिहिताना खुशाल वापरा, आजच्या वृत्तनिवेदिकेला नको.

खडूफळा : आणि 'वृत्तनिवेदिका' चालतं होय?

तिरपी मात्रा : चालतं. 'डॉक्टर आल्या'सुद्धा चालतं, तिथे शेपटी क्रियापदाला आहे. लोणचंवाल्या काकूंना मात्र तुम्ही काकूच म्हणा.