मदत हवी आहे: एसीचा कंडेन्सर (पुढच्या बंपरमागचा, गॅस थंड करणारा जाळीदार भाग) बदलावाच लागेल का?

मंडळी, गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. मे महिन्यात आर-१३४ए गॅस भरला, तीन आठवड्यांत एसी पुन्हा गरम हवा फेकायला लागला. बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिलं तर कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट डाग, त्यावर धूळ चिकटलेली, म्हणजे गॅस बहुतेक तेल घेऊन तिथूनच गळतोय. घाटात खडा लागला असावा. गॅरेजवाले म्हणतात, "वेल्डिंग मारून देतो, स्वस्तात होईल." मला पटत नाही, ॲल्युमिनियमच्या त्या चपट्या नळ्यांवर वेल्डिंग किती टिकणार? नवा बसवला तर ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) आणि ओ-रिंगाही (सांध्यांतल्या रबरी कड्या) बदलायच्या ना? गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा-ओलावा ओढून काढतात, ते व्हॅक्यूम अर्धा तास पुरे का? आफ्टरमार्केट कंडेन्सर कोणी वापरलाय? गॅसचे पैसे आधीच दोनदा गेलेत, घरचे आता गाडीत बसायला तयार नाहीत.