लाईनबॅकरला संघात जागा कशावर मिळते, आणि टीव्हीवर त्याचं काय बघायचं?

सत्तरी: रविवारी रात्री साडेदहाचे एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे, सामने आम्ही काही जण म्हापशात एकत्र बघतो. पास फेकणारा क्वार्टरबॅक, झेलणारा रिसीव्हर समजतात. बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहणाऱ्या लाईनबॅकरचं गणित काही जुळत नाही. लाईनबॅकर ल्यूक कीकली ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजातले खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीतला, तरी 28व्या वर्षी निवृत्त. दुसरा लाईनबॅकर लंडन फ्लेचर, त्याला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलंसुद्धा नाही, आणि गडी सलग 256 सामने खेळला! असं कसं?

काणकोण: ड्राफ्टचा क्रमांक संधी देतो, जागा टिकते ती दुसऱ्याच कामावर. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला उभं राहता येत नाही. कीकली बोस्टन कॉलेजात तीन हंगाम खेळला, 2011 मध्ये कॉलेजातल्या सर्वोत्तम लाईनबॅकरचं बटकस पारितोषिक घेतलं आणि 2012 मध्ये नवव्या क्रमांकावर कॅरोलायना पँथर्सकडे गेला. अशाला लगेच मैदानात उतरवतात. फ्लेचर जॉन कॅरोल या तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजातला, उंची 5 फूट 10 इंच. 1998 मध्ये रॅम्स संघाकडे आला. आज सराव शिबिरात 90 जण असतात, हंगामाला उरतात 53. काठावरच्या लाईनबॅकरचा निकाल बहुतेक वेळा किकऑफ आणि पंटच्या कव्हरेजवर, म्हणजे लाथेने दूर मारलेला बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवण्यावर, लागतो. तिथे धावून टॅकल करणार नसेल तर बचावात कितीही बरा असो, नाव कापलं जातं.

पेडणे: टीव्हीवर बघायचं तर बॉल सोडा, समोरचा गार्ड, म्हणजे चढाईच्या लाईनमध्ये मधल्या भागात उभा असणारा अडवणारा खेळाडू, बघा. लाईनबॅकरही तेच करतो. गार्ड पुढे झेपावला तर रन, मागे सरून उभा राहिला तर पास, लाईनमागून आडवा पळाला तर त्याच्या मागोमाग जायचं. बॉलकडे बघणारा प्ले-ॲक्शनला फसतो: खोट्या हँडऑफवर (बॉल धावणाऱ्याच्या हाती दिल्याचं नाटक) दोन पावलं पुढे येतो आणि टाईट एंड, म्हणजे लाईनच्या टोकाचा पासही झेलणारा खेळाडू, त्याच्या पाठीमागे मोकळा सुटतो. दुसरी चूक बाजूला फार जोरात धावण्याची. धावणाऱ्याच्या किंचित मागे राहायला हवं, नाहीतर तो एकदम आत वळतो आणि तुम्ही पुढे निघून गेलेले असता. कीकली इथेच वेगळा होता. स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात येण्याच्या, आधीच कुठला प्ले येतोय ते ओरडून सांगायचा. 2013 मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला तो उगाच नाही.

काणकोण: कीकलीच्या निवृत्तीचं म्हणाल तर 2015, 2016 आणि 2017 या तिन्ही हंगामांत त्याला कन्कशन (मार लागून मेंदूला बसणारा धक्का) झालं. मधला लाईनबॅकर धावत येणाऱ्याला समोरासमोर भिडतो. खांदा लावताना डोकं खाली गेलं की मार मेंदूला आणि मानेला. 2018 पासून डोकं खाली घालून हेल्मेटने धडक दिली तर 15 यार्डांचा दंड आहे. तरी अपघाती धडका उरतातच. आठ हंगाम खेळून जानेवारी 2020 मध्ये तो थांबला. शहाणपणाचं केलं, असं माझं मत.

सत्तरी: देव बरें करूं. पण काही वेळा तीनऐवजी दोनच लाईनबॅकर दिसतात, ते?

पेडणे: ते निकेल. समोर तीन रिसीव्हर आले की एक लाईनबॅकर, बहुतेकदा सॅम (टाईट एंडच्या बाजूचा लाईनबॅकर), बाहेर बसतो आणि पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारा) आत येतो. हल्ली बरेच संघ बहुतांश वेळ असेच खेळतात, त्यामुळे पासमागे धावू न शकणाऱ्या जाडजूड लाईनबॅकरचे दिवस भरले.