जुन्या फनी कारवर पुढच्या सालाची बॉडी चढवावी का?

चासीवाला :
अमेरिकेतली सत्तरच्या दशकातली फनी कार (पाव मैलाच्या सरळ ड्रॅग शर्यतीची, फायबरची बॉडी घातलेली गाडी) दुरुस्तीला आलीय. चासी (खालचा सांगाडा) शाबूत, बॉडी गायब. अशा चासीवर तिच्याहून दोन-चार वर्षं पुढच्या मॉडेलची बॉडी चढवावी का? माझं मत : खुशाल चढवावी.

१९६६ साली रेसर डॉन निकल्सनची मर्क्युरी कॉमेट आली. खाली मिशिगनच्या लॉगी बंधूंची नळ्यांची चासी, वर एकसंध फायबरची बॉडी, मागे बिजागरी, झाकणासारखी उघडणारी. तेव्हापासून फनी कारची बॉडी म्हणजे अंगावरचा कपडा. रेसर डॉन प्रूडोम १९७३ ला बाराकुडाच्या बॉडीची गाडी पळवत होता, १९७४ ला व्हेगा, १९७५ ला मोंझा, १९७८ ला प्लिमथ ॲरो. ६ सेकंदांच्या आत गेलेली पहिली फनी कार (५.९८, ऑन्टारियो, १९७५) ती मोंझाच. बाराकुडालाच चिकटून बसला असता तर? त्या लोकांना जे चालत होतं त्याला आपण पन्नास वर्षांनी सोवळं का नेसवायचं?

जेलकोट :
प्रूडोमनं बॉडी बदलली ती पुढची शर्यत जिंकायला. तुम्ही कुठली शर्यत जिंकणार आहात?

आणि एक गोष्ट सोयीनं विसरलात. तेव्हा बॉडीबरोबर बऱ्याचदा चासीही नवी यायची. त्यामुळे बाराकुडाखालच्या चासीनं मोंझा कधी पाहिलीच नसेल, अशी दाट शक्यता. आधी चासीलाच विचारा. बॉडी ज्या उभ्या नळ्यांवर टेकते त्या प्रत्येक बॉडीगणिक कापून पुन्हा जोडत. रंग काढून नळ्या नागड्या करा, घासून सपाट केलेले जोड आणि बुजवलेली भोकं दिसतील. मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून प्रत्येक खुणेचं अंतर मोजून कागदावर घ्या. खुणांचे दोन संच निघाले तर दोन बॉड्या झाल्या, मग दोन्हीतली कुठलीही लावा, माझी हरकत नाही. एकच संच निघाला तर बाकी सगळी तुमची हौस.

जुनी बॉडी सापडलीच तर तिला केमिकल पेंट रिमूव्हर लावू नका. तो रंगावर थांबत नाही, जेलकोटही (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) फुगवतो. ६०० चा पेपर, पाणी, आणि हात हलका. वरचा रंग उतरला की कधीकधी खालची हातानं रंगवलेली अक्षरं दिसायला लागतात. गाडीचा जन्मदाखला तोच.

गॅसरप्रेमी :
दोघंही फायबरमध्ये अडकलात. खरी नासाडी गॅसर गाड्यांची (पेट्रोलवर ड्रॅग पळणाऱ्या ‘गॅस क्लास’च्या जुन्या मोटारी) झाली. १९४१ ची विलीज, पत्र्याची बॉडी, १०४ इंच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर). गॅस क्लासच्या नियमात इंजिन व्हीलबेसच्या १० टक्के मागे नेता यायचं, म्हणजे जेमतेम साडेदहा इंच, आणि क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांच्या वर नको. ती नाक वर केलेली चाल या नियमांतून आणि वजन मागच्या चाकांवर टाकायच्या धडपडीतून आली, दिखाव्यातून नाही.

१९८० च्या दशकात प्रो स्ट्रीटची (रस्त्यावरच्या गाडीला ड्रॅग गाडीचा थाट) फॅशन आली. लोकांनी याच गाड्यांचा मागचा फ्लोअर कापला, रुंद टायर मावावेत म्हणून पत्र्याच्या खोल टबा बसवल्या, पुढचा सरळ अ‍ॅक्सल फेकून नाक जमिनीला टेकवलं. ‘अपडेट’ या शब्दाची मला धास्ती आहे ती यामुळेच. आता ते उलटं करताना फ्लोअर नव्यानं घडवा, लीफ स्प्रिंगचे बैठे नव्यानं बसवा आणि कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे कल) ५ ते ७ अंश ठेवा. तो कमी राहिला तर गाडी सरळ रेषेत राहत नाही.

चासीवाला :
पण गॅसरवाल्यांनीच विलीज सोडली हेही सांगा ना! ओहायो जॉर्ज माँटगोमेरीनं १९३३ ची विलीज बाजूला ठेवून १९६७ ची मस्टँग आणली, पुढे १९६९ ची. विटेसारख्या बॉडीनं वारा किती ढकलायचा?

गॅसरप्रेमी :
आणली, पण विलीज कापून तिच्यावर मस्टँग चढवली नाही. दोन वेगळ्या गाड्या. एवढंच तर म्हणतोय.

चासीवाला :
बरं, मान्य. आता कामाचं बोलतो, कारण बॉडी बदलताना बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात : लांबी. मूळ व्हेगाचा व्हीलबेस ९७ इंच, १९७० च्या बाराकुडाचा १०८. फनी कारची चासी साधारण ११८ इंचांच्या पुढेच. म्हणजे बॉडी ताणलेली असणारच. साच्यातून आली ती तुमच्या चासीइतकी लांब असेलच असं नाही.

क्रम असा. रेसला असेल त्या उंचीवर चासी सपाट फरशीवर ठेवा, स्लिक (खाचा नसलेले रुंद ड्रॅग टायर) हवा भरून लावा. मागच्या चाकाची कमान आधी जुळवा, कारण बिजागरी मागे आहे. चूक उरली तर ती पुढे न्या. दरवाजा आणि पुढचं चाक यांच्या मधे आडवा छेद घ्या. कडा आतून तिरप्या घासा, जाडीच्या १२ पट : ३ मिमी जाडीला दोन्ही बाजूंना ३६ मिमी. ४० चा पेपर, मग अ‍ॅसिटोन. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या फायबर मॅटचा एक थर साधारण १ मिमी होतो, तेव्हा कमीत कमी तीन. रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के, त्यावर जाऊ नका, जोड तापून तडकतो. आणि लगेच रंगवू नका. अर्धवट मुरलेलं रेझिन उन्हात आकसतं आणि मॅटची जाळी रंगातून उठून दिसते.

शेवटचं, जेलकोटसाठी : नव्या उभ्या नळ्या मूळ चासीला वेल्ड करू नका, क्लॅम्पनं आवळा. उद्या खरी बॉडी सापडली तर पाना घेऊन अर्ध्या तासात मोकळी.

वाऱ्याचं_गणित :
क्लॅम्प शोच्या गाडीला ठीक. पळवायची असेल तर फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका. धावताना बॉडीखाली हवा कोंडते आणि बॉडीला वर उचलते. पुढची कुलपं आणि उभ्या नळ्या हा भार सोसतात. नळी क्लॅम्पमध्ये तसूभर फिरली की बॉडीचं नाक उठतं, मग आत आणखी हवा. बॉडी उडून गेलेल्या फनी कार त्या काळात कमी नव्हत्या.

त्यात नवी बॉडी म्हणजे पुढच्या चाकांच्या कमानींमागे हवा सोडणाऱ्या झडपा नाहीत. त्या कापाव्याच लागतात, नाहीतर आतला दाब पुढची काच बाहेर ढकलतो. मागच्या चाकांवर जागा सोडा, कारण स्लिक वेगात उंच वाढतो आणि उभ्या गाडीवर सुंदर बसलेली कमान चरचर खातो. पुढच्या सालाची बॉडी हवेला बरी हे खरं, पण तिचा फायदा झडपा, स्पॉयलर आणि नाकाची उंची एकत्र जुळली तरच.

जेलकोट :
म्हणजे चढवायची तर वेल्ड करावी लागणार, आणि वेल्ड केली की मूळ नळीवर नव्या संचाची खूण उमटणार. पुढचा माणूस ती मोजून म्हणेल, ‘या चासीनं ही बॉडीही पाहिली.’ माझा आक्षेप हाच होता.

चासीवाला :
मूळ नळीवर नाही. दुभंगलेली बाही घाला, नळीभोवती बसणारी, दोन बोल्टनं आवळलेली. उभी नळी त्या बाहीला वेल्ड करायची, मूळ नळीला वेल्डिंगची आच नाही. फिरू नये म्हणून दोन बाह्यांमध्ये एक आडवी पट्टी.

वाऱ्याचं_गणित :
पट्टी तिरपी घाला. आडवी वाकते.