गुलाबपाणी: तुमच्याकडे कशाकशात घालतात?

ऊनसावली
कूलर काढायला माळ्यावर चढले आणि हाती लागली आजीची गुलाबदाणी. चांदी काळी पडलेली, जाळीची भोकं पांढऱ्या क्षारानं बुजलेली. सुईनं एकेक मोकळं करत बसले, कूलर राहिला तिथंच. नागपूरच्या महाल भागातल्या घरी ती हळदीकुंकवाला बाहेर निघायची, पण आम्हा पोरांना आठवते ती वैशाखातल्या दुपारची. माठाच्या पाण्याचं लिंबू सरबत गाळून झालं की आजी पेल्यावर दोनदा झटकायची. अजून मागितलं की म्हणायची, "साबण प्यायचाय का?" खरंच आहे, थेंबभर जास्त झालं की जीभ आंघोळीला गेल्यासारखी वाटते. तुमच्याकडचं लिहा.

तर्रीबाज
आमच्या घरी एकच बाटली हाय. बायको तोंडाले लावते, मी लस्सीत टाकतो. भांडण कोण्या दिवशी होईल सांगता येत नाही.

काटोलवाली
तर्रीबाज भाऊ, आधी बाटली फिरवून पाहा. सौंदर्यप्रसाधन लिहिलं असेल तर लस्सीत नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं. खायच्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षावाल्यांचा, 14 आकडी नंबर असतो. इतवारीत दोन्ही मिळतात, मागताना "खायचं" असं स्पष्ट सांगायचं.

तर्रीबाज
पाहिलं. 14 आकडे हायेत. म्हंजे बाटली माही, तिची नाही. लय उपकार झाले ताई.

सदरची_सून
श्रीखंडात वेलची किंवा गुलाबपाणी, दोन्ही नाही. जायफळ असेल तर मुळीच नाही. बासुंदीत गॅस बंद करून, भांडं कोमट झाल्यावर घाला. उकळत्यात घातलं की वास शेजाऱ्यांना, बासुंदी आपल्याला.

मोठीताई
मग बिर्याणीत कसं चालतं? आमच्या मोमिनपुऱ्यातल्या खाला तर दम लावायच्या आधी केशराच्या दुधात गुलाबपाणी आणि केवडा दोन्ही घालतात.

सदरची_सून
झाकण कणकेनं बंद असतं ना. वास जाणार कुठं!

निवृत्त_मास्तर
रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही. गुलाबाच्या वासातलं फिनाइलइथाइल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून गुलाबपाण्याला वास येतो. बाकीचा बराचसा सुगंध तेलात, म्हणजे अत्तरात जातो. उत्तर प्रदेशातल्या कनौजला अजून तांब्याच्या देगीत पाकळ्या आणि पाणी घालून तोंड मातीनं लिंपतात, बांबूच्या चोंग्यातून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा होते त्या भांड्यात, उतरते, भपका गार पाण्याच्या हौदात बसवलेला. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे. घरी करायचं तर मोठ्या पातेल्यात पाकळ्या, बुडतील इतकंच पाणी, मधोमध तिवईवर स्टीलची वाटी. झाकण उलटं ठेवून वर बर्फ. आच अगदी मंद. झाकणाच्या मधल्या टोकावरून थेंब वाटीत पडतात. पहिलं पडतं ते सुगंधी, नंतरचं नुसतं पाणी, तेव्हा लोभ नको.

कोराडीरोड
सर, फुलवाल्याकडचे गुलाब चालतील? सीताबर्डीवर जुडी मिळते.

निवृत्त_मास्तर
नको. त्यांच्यावर औषधं फवारलेली असतात, वासही नसतो. कुंडीतला देशी गुलाब घ्या, सकाळी ऊन चढायच्या आत तोडा.

कोराडीरोड
आमच्या गच्चीवर मेमध्ये तुळसही वाचत नाही सर 😄 45 डिग्रीत गुलाब कुठून!

वाळा
कूलर निघालाच आहे विषयात तर, जाळीत खस लावताय की वुडवूल, म्हणजे लाकडाचा भुसा? मी मागच्या वर्षी टाकीत गुलाबपाणी ओतलं होतं. पाच मिनिटं राजवाडा, मग परत भुसा.

मोठीताई
खसच. महाग पडते पण वास बघा. पाणी रोज बदला, नाहीतर डास.

अबोली_
मला नाही सहन होत हो हा वास. बाबा गेले तेव्हा घरभर गुलाबपाणी शिंपडलं होतं. लग्नात कुणी अंगावर शिंपडलं तरी मी मागं सरकते, लोकांना वाटतं मला शिष्टपणा आहे.

काटोलवाली
नाही गं बाई, कसला शिष्टपणा. माझ्या सासूबाईंना निशिगंधाचं तसंच आहे. आमच्याकडे आलीस तर वेलचीचीच बासुंदी.

अबोली_
❤️

काटोलवाली
आमच्याकडचं सांगते. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुललेली, संत्री फेब्रुवारी-मार्चात घरी येतात, तेव्हा फोडी सोलून, बिया काढून, वर चिमूटभर काळं मीठ आणि गुलाबपाण्याचे चार थेंब. फ्रीजमध्ये अर्धा तास. रसात घालत नाही, आपल्या संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, मग गुलाबाला नावं ठेवतात.

ऊनसावली
हे करून बघते, पण आता संत्री कुठली! सब्जा भिजवलाय, थंड दुधात घालते.

कोराडीरोड
बाटली उघडल्यावर बाहेर ठेवता का?

सदरची_सून
नागपुरात? फ्रीजच्या दारात. पांढरी तार दिसली की फेका.

तर्रीबाज
मोठीताई, खालांची बिर्याणी टाका ना. किती तांदूळ, किती मटण, सारं.

मोठीताई
त्यांना विचारून रविवारी टाकते. त्या अंदाजानं घालतात, मोजायला मलाच उभं राहावं लागेल. चला, दूध उतू चाललं.